सुभेदाराच्या घुमटाचं फाटक

१२ सप्टेंबर

"घुमटवाडीच्या लोकांनो, आपल्याला कोणी विचारत नाही. एसटी फाट्यावरूनच मागं वळते. पाण्याची योजना आपल्या शिवारातून जाते आणि शेजारच्या गावाला लागते. आणि चारशे वर्षं आपल्याजवळ उभा असलेला सुभेदाराचा घुमट तालुक्याच्या एकाही यादीत नाही. ही तक्रार तुमची आहे, तीच माझीही आहे."

गणपतीतल्या व्याख्यानाची सुरुवात अशी करायची ठरवली. दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिली, ठीक वाटते. कळंबच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, सभा गाजवल्या, मोर्चे काढले. निवृत्त होऊन पिंपरी पेंढारला राहायला आल्यापासून हे पहिलंच बोलावणं. वाडीच्या मंडळाला 'मोबाइलचे दुष्परिणाम' हा विषय हवा होता. मी सांगितलं, इजिप्तवर बोलणार असेन तरच येईन.

सकाळी घुमट पुन्हा पाहून आले. वाडीपासून दहा मिनिटांची वाट, दोन्ही बाजूंना ऊस. अंगणाला पुरुषभर उंचीची दगडी भिंत आहे. आत जायला एकच दरवाजा, त्याला फाटक नाही, शेजारी बाभळीच्या काट्यांचा ढीग. आत सगळीकडे लेंड्या. कबरीवर कोणी तरी मेंढीच्या लोकरीचा गुंता ठेवला होता, वाऱ्यानं जाऊ नये म्हणून वर दगड. तो मी भिंतीपलीकडं फेकला आणि कबर रुमालानं पुसली. कोनाडा तेलाच्या काजळीनं काळा झालेला. किती ही अनास्था.

इमारत मात्र ठणठणीत. घुमटावर पिंपळाचं एक रोप नाही; माझ्या दहा वर्षांच्या गच्चीत तीन आहेत. त्या काळच्या गवंड्यांचा चुनाच वेगळा.

१४ सप्टेंबर

तालुक्याच्या कचेरीसाठी घुमटाच्या संरक्षणाचा अर्ज लिहून झाला. सरपंच दादाभाऊंना त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवला. 'बेवारस' हा शब्द तीन ठिकाणी आला आहे. ते म्हणाले, "बेवारस म्हणायचं का बाई? तसं कोण कोण जातं तिकडं." मी म्हणाले, सौम्य शब्दांनी कागद हलत नाहीत. 'बेवारस अवस्थेत, जनावरांच्या वावराने विटंबना होत असलेले' असं लिहिल्याशिवाय कोणी खुर्चीतून उठत नाही. दादाभाऊ हसले आणि सही करून मोकळे झाले. "तुमी शिकलेल्या. तुमाला जास्त कळतंय."

कळतंच.

१८ सप्टेंबर

चार दिवस फक्त वाचन. माझ्या व्याख्यानातला अमेनी नावाचा हा माणूस सुमारे चार हजार वर्षांपूर्वी नाईलकाठच्या एका प्रांताचा सुभेदार होता. लांब शिंगांचं हरीण हे त्या प्रांताचं चिन्ह. पंचवीस वर्षं कारभार केला आणि डोंगराच्या कड्यात स्वतःसाठी थडगं कोरून घेतलं. आपल्या लेण्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना ते परकं वाटणार नाही: खांब, ओसरी, आत दालन. दारापाशी त्यानं आपला कारभार कोरून ठेवला आहे. मी कोणाच्या लेकीला नासवलं नाही. विधवेला छळलं नाही. शेतकऱ्याला परतवलं नाही, मेंढपाळाला हाकललं नाही. दुष्काळ पडला तेव्हा प्रांताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जमीन नांगरून घेतली आणि कोणाला उपाशी राहू दिलं नाही. नवरा असलेलीला दिलं तेवढंच विधवेला दिलं, थोरामोठ्याला झुकतं माप दिलं नाही.

आज एका तरी पदाधिकाऱ्यानं आपल्या दारावर एवढं लिहून दाखवावं. आमचा सुभेदार बिचारा मुका. नाव नाही, लेख नाही. मी त्याची वाचा होणार आहे.

२४ सप्टेंबर

व्याख्यान चांगलं झालं. मांडव भरला होता.

सुरुवातीला पोरं चुळबुळत होती. मग पडद्यावर थडग्यातल्या भिंतीवरच्या कुस्तीचं चित्र लावलं. एकाच जोडीचे डावावर डाव, ओळीनं काढलेले. ओळखू यावेत म्हणून एक पैलवान काळपट, एक तांबूस. मांडव जागा झाला. मागून कोणी तरी डावांची नावं पुकारायला लागलं. "ही ढाक हाय!" "ढाक कसली, त्याची पकड बघ." "बाई, जिंकलं कोण?" जिंकलं कोण ते चित्रात नाही, असं सांगितल्यावर सगळ्यांची निराशा झाली.

मग अमेनीचे शब्द वाचले. 'मेंढपाळाला हाकललं नाही' ही ओळ तीनदा घेतली, दर वेळी आवाज थोडा खाली आणून. तिसऱ्यांदा मांडवात कोणी खोकलंही नाही.

शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. बायकांमधून सायराबानू उठली. तिचा नवरा जलाल, पिंपरी पेंढारला पंपाच्या मोटारी भरून देतो, घर वाडीतच. म्हणाली, "बाई, हे त्यानं सोताच लिवून ठिवलं का?"

हशा पिकला. मी म्हणाले, त्याच्या थडग्यात दुसरं कोण लिहिणार?

"तसं न्हाई. ज्यांना खायला घातलं, त्यांनी काय लिवलं ते इचारत व्हते."

त्यांना लिहिता येत नव्हतं, असं उत्तर दिलं आणि आभाराकडे वळले. प्रश्न साधा होता, पण समारोपाचा जोर गेला. मी 'उठा, घुमट वाचवा' इथं थांबणार होते.

२७ ऑक्टोबर

अर्जाला उत्तर आलं. जागा 'बेवारस व संरक्षणयोग्य' म्हणून नोंदवली आहे. कुठल्याशा निधीतून दिवाळीआधी कुंपण आणि फाटक होईल. सहा आठवड्यांत. इतक्या लवकर कोणताही कागद हललेला मी आयुष्यात पाहिला नाही. वाडीच्या ग्रुपवर दादाभाऊंनी माझा हार घातलेला फोटो टाकला.

७ नोव्हेंबर

फाटक बसलं. सात फुटी, लोखंडी, हिरवा रंग. भिंतीवर जाळी. कुलूप लागलं, किल्ली कचेरीत जमा. पाटीवर 'जनावरे सोडण्यास सक्त मनाई' असं आहे. मी नारळ फोडला.

जलाल दुकान बंद करून आला होता. फाटकाकडं बघत उभा राहिला. त्याला इतिहासात रस असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

९ नोव्हेंबर

वसुबारस. संध्याकाळी फिरत घुमटापर्यंत गेले. फाटकाबाहेर मातीत एक पणती ठेवलेली होती, वाऱ्यानं विझलेली. सणाच्या उत्साहात कोणी तरी ठेवली असावी. आज गुरुवारही आहे. कुलूप लागल्याबरोबर लोकांना जागेचं मोल कळायला लागलं, हे बरंच झालं.

२१ नोव्हेंबर

आज घुमटापाशी मेंढरांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचं फिरतं बिऱ्हाड, आला. आण्याच्या पठारावरचे लोक. दिवाळी उरकली की माळशेज उतरून कोकणात जातात आणि पावसाआधी परत येतात. म्हातारा म्हस्कू, त्याची बायको गजराबाई, दोन मुलगे, सुना, दोन घोडी, दोन-अडीचशे मेंढरं. फाटकासमोर सगळा कळप थांबलेला, आणि म्हस्कू कुलूप हातात धरून उलटसुलट करून बघत होता, जणू ते कुठं तरी उघडं असेल.

मी त्याला समजावून सांगितलं की ही आता संरक्षित जागा आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग आमी कुटं?"

मी समोरचं पडीक रान दाखवलं. उसाला लागून आहे, पण मोकळं आहे, मालकाची हरकत नाही.

"उसाला लागून," तो म्हणाला. मग गजराबाईकडं बघितलं. घोड्यावर जाळीत बांधलेली कोकरं होती, तीन-चार दिवसांची. बऱ्याच मेंढ्या व्यायला झालेल्या. तीन आठवडे थांबायचं असतं, म्हणाला, कोकरं घाट उतरण्याएवढी होईपर्यंत.

पडीक रान भरपूर आहे. अडचण यायला नको.

२३ नोव्हेंबर

सकाळी सात वाजता दादाभाऊंचा फोन. उसातून बिबट्या आला. तीन मेंढ्या आणि पाच कोकरं गेली. दोन मेंढ्यांचे गळे फोडून तशाच टाकलेल्या.

मी पोचले तेव्हा म्हस्कूचे मुलगे मेलेली जनावरं एका रांगेत ठेवत होते. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत हलवायची नाहीत म्हणून गजराबाई काठी घेऊन कुत्री हाकत होती. वाडीचे लोक जमले होते. मला नुसतं उभं राहवेना, म्हणून मी विचारलं, इतकी वर्षं कसं करत होता?

म्हस्कूनं काठीनं घुमटाकडं दाखवलं. "आत. दारात काटे लावले की झालं. भिताडावरून त्याला उडी घेता येती, पण आत निस्ता दगूड, दबा धरायला जागा न्हाई. आन् दारात आमी झोपायचं. माज्या आज्यापासनं एक कोकरू गेलं न्हवतं तिथं."

बाभळीच्या काट्यांचा तो ढीग म्हणजे फाटक होतं.

मी गजराबाईला म्हणाले, माझं चुकलं. तिनं काठी खाली ठेवली नाही. म्हणाली, "तुमचं काय चुकलं न्हाई बाई. तुमी आमाला बगितलंच न्हवतं."

घरी येऊन व्याख्यानाचे कागद काढले. मेंढपाळाची ओळ तांबड्या शाईनं अधोरेखित आहे. समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'आवाज खाली'.

२५ नोव्हेंबर

दादाभाऊंकडे गेले. किल्ली मागवा म्हटलं. ते चहा पीत होते, मलाही दिला. "किल्ली मागायला कोण म्हणून मागू? अर्जात बेवारस लिवलंय. तीनदा. आता वारस कुटनं आनू बाई?"

मी म्हणाले, सही तुमचीही आहे.

"हाय ना. म्हणून तर गप बसलोय."

मग त्यांनीच कचेरीत फोन लावला. तिथला माणूस सरळ बोलला. अर्ज मागं घेऊन आता काही होत नाही, नोंद झाली आहे. मात्र जागेचा पूर्वापार वापर आणि देखभाल करणारे लोक आहेत, असे जबाब मिळाले तर फाटकाची किल्ली गावातल्या माणसांकडे देता येते. चार डिसेंबरला, सोमवारी, अकरा वाजता स्थळपाहणी आहे. जबाब तिथंच लिहून घेतले जातील. कोणी बोललं नाही तर आहे तसंच राहील.

म्हस्कू सोमवारपर्यंत थांबायला तयार आहे. त्यापुढं नाही. आज आणखी सात मेंढ्या व्याल्या. वाडीतल्या दोघांनी रात्री ट्रॅक्टरचे दिवे लावून ठेवायचं कबूल केलं आहे.

२८ नोव्हेंबर

जलालच्या दुकानात गेले. तो मोटारीत तांब्याची तार भरत होता. हात थांबवले नाहीत. मी विचारलं, घुमटाशी तुमच्या घराचं काय नातं? त्यानं बराच वेळ वेढे मोजले. मग सांगायला लागला.

कोनाड्यातला दिवा सायराबानूचा, दर गुरुवारी. आधी त्याची आई लावायची. घुमटावरची पिंपळाची रोपं वर्षातून एकदा निघतात, वाडा उतरला की. "वर चढनार म्हस्कू, खाली दोर धरनार माझा बाप. बाप गेल्यापासनं मी. निस्तं तोडून भागत न्हाई. मुळी काढायची, भोकात हिंग भरायचं, वरनं चुना. एक वरीस चुकलं तर दगडाला चीर."

आणि मी गवंड्यांच्या चुन्याचं कौतुक करत होते. यंदा कोणी वर चढलेलं नाही.

म्हणाले, मग सोमवारी हेच सांगा. तेव्हा त्याचे हात थांबले. "बाई, मी मोटर भरतो, पोरं शाळेत जातेत, सगळं नीट चाललंय. मी उटून म्हनलो का घुमट आमी बघतो, तर लोक काय ऐकतील? घुमट आमचा हाय, असं ऐकतील. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर."

मी त्याच्याशी वाद घातला नाही. तीस वर्षांपूर्वी घातला असता, भीतीवर एक भाषण दिलं असतं. तो जे सांगत होता ते खरं होतं.

उठताना त्यानंच विचारलं, "म्हस्कू बोलनार हाय का?" नाही. तो म्हणतो, आम्ही वाटचे लोक, आमच्या बोलण्यानं गावात भांडण नको. जलाल हसला. "मंग दोघं बी एकमेकाकडं बघत बसनार."

३० नोव्हेंबर

गुरुवार. सायराबानूबरोबर घुमटापाशी गेले. तिनं फाटकाबाहेर दिवा लावला, हाताचा आडोसा धरून बसली. गजराबाई पलीकडून आली आणि वाऱ्याच्या बाजूला बसली. दोघी कोकरांविषयी, गजराबाईच्या सुनेच्या पाठदुखीविषयी बोलत होत्या. मला वाटलं होतं काही विधी असेल. तो नव्हता. हेच होतं.

मग गजराबाईनं सहज सांगितलं की पावसाआधी परत जाताना कातरणीची पहिली मूठभर लोकर ती सुभेदाराला ठेवते, थंडीची. "पन औंदा फाटकाच्या गजांतनं बगितलं, तर गेल्याली दिसली. वाऱ्यानं गेली आसंल. मी दगूड ठिवला व्हता तरी."

मी म्हणाले, वाऱ्यानं नाही. मी फेकली.

सायराबानू म्हणाली, "का ओ?" घाण वाटली म्हणून, असं मी सांगितलं. आयुष्यात इतकं छोटं आणि इतकं अवघड वाक्य बोलले नव्हते. गजराबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पुन्ना ठिवू."

मी विचारलं, सोमवारी तुम्ही दोघी बोलाल का? सायराबानू म्हणाली, "आमी एकट्या न्हाई बोलनार बाई. वाडी बोलली तर आमी बी बोलू. वाडीला म्हाईत न्हाई का? समद्यांना म्हाईत हाय."

१ डिसेंबर

घरोघरी गेले. सगळ्यांना माहीत आहे, हे खरं. एकाचा आजा घुमटावर चढताना पडला होता. एकीच्या लग्नाआधी तिच्या आईनं तिथं दिवा लावला होता. शेतकऱ्यांचं म्हणणं, वाडा तीन आठवडे घुमटात बसतो, दिवसा त्यांच्या रानात चरतो, रानाला खत मिळतं. सांगा म्हटलं की मात्र प्रत्येक जण शेजाऱ्याचं नाव घेतो. तो बोलला तर मी बोलतो. एकानं मला विचारलं, "बाई, तुमी काय सांगनार? पयला अर्ज तर तुमचाच हाय." लागलं, पण बरोबर होतं.

वाड्यावर काल पुन्हा बिबट्या फिरून गेला. ट्रॅक्टरच्या दिव्यामुळं मागं वळला. म्हस्कूच्या सुनेनं तिचं तान्हं वाडीत सायराबानूकडं ठेवलं आहे.

३ डिसेंबर

आज सायंकाळी देवळापुढं बोलायचं आहे, दादाभाऊंनी लोक बोलावले आहेत. चार पानं लिहिली होती. अमेनी होता, निजामशाही होती, राज्यघटना होती. वाचली आणि फाडली. सारखं तेच दिसत होतं की मी बोलते आहे आणि माणसं ऐकताहेत. उद्या उलटं व्हायला हवं. एवढंच बोलणार आहे:

"घुमटवाडीच्या लोकांनो, घुमटाला कोणी नाही असं मी सरकारला लिहून दिलं. ते खोटं होतं. मी न बघता लिहिलं, आणि त्यामुळं म्हस्कूभाऊंची जनावरं मेली. उद्या साहेबांपुढं पहिला जबाब माझा असेल, आणि त्यात हेच असेल, माझ्या नावासकट.

पण माझ्या जबाबानं कुलूप निघणार नाही. मी चूक झाली एवढंच सांगू शकते. दोर कोणी धरला, दिवा कोणी लावला, रोपं कोणी काढली, दारात कोण झोपलं, हे तुम्हालाच माहीत आहे. जलालभाई एकटे बोलले तर लोक त्यांचा धर्म ऐकतील. म्हस्कूभाऊ एकटे बोलले तर परका म्हणतील. चाळीस घरं बोलली तर गाव बोललं असं लिहावं लागेल. जागा कोणाची हे कोणी विचारणार नाही. तुम्ही तिथं काय केलंत, काय पाहिलंत, एवढंच सांगायचं आहे.

कोणी आधी बोलायची वाट बघू नका. कापणी अर्धा दिवस थांबेल. घरातली म्हातारी माणसं गाडीवर बसवून आणा, त्यांना जास्त आठवतं. बायकांनी मागं उभं राहू नये.

उद्या सोमवारी सकाळी अकरा वाजता, घुमटाच्या फाटकापाशी, घरटी एक माणूस तरी या. आपलं नाव सांगा, जबाब लिहून द्या, आणि त्याखाली सही करा किंवा अंगठा उठवा."